युरोपा बार्बरोरम: स्थानिक पलटणी फारच स्वस्तात मिळतात, कोणाला पटतंय?

नाईलकाठचा: रोम टोटल वॉर या गेमवर चाहत्यांनी बनवलेला हा मॉड (बदललेली आवृत्ती) जाम आवडतो, पण एक गोष्ट डोक्यात जाते. टॉलेमी (इजिप्तवर राज्य करणारं ग्रीक घराणं) घेऊन खेळताना मखिमोई, म्हणजे स्थानिक इजिप्शियन सैनिकांची, पलटण काढायची, हातात भाले द्यायचे, झालं, पुढं काही त्रासच नाही. प्रत्यक्षात राफियाच्या लढाईसाठी (इ.स.पू. २१७) टॉलेमींचा मंत्री सोसिबियसनं २०,००० इजिप्शियनांना फॅलँक्स (लांब भाल्यांची दाट रांग) शिकवला, लढाई जिंकली आणि मग ग्रीक इतिहासकार पॉलिबियस सांगतो तसं ती माणसं चढली, आम्हाला आता आमचाच म्होरक्या पाहिजे म्हणायला लागली. इ.स.पू. २०५ च्या सुमाराला थीब्जकडचा पट्टा बंडात गेला तो पुरता ताब्यात यायला १८६ उजाडलं. गेममध्ये उलटंच, तीच पलटण मेम्फिसमध्ये बसवली की पब्लिक ऑर्डर (शहरातली शांतता) वाढते! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

गोफणगुंडा: फुकट कुठंय रे? भरती केली की तेवढी माणसं शहराच्या लोकसंख्येतून वजा होतात. शिवाय तगडे स्थानिक सैनिक पाहिजेत तर चौथ्या प्रकारचं सरकार लागतं, म्हणजे मांडलिक राजा, आणि मग आपले स्वतःचे खास सैनिक तिथं जवळजवळ मिळतच नाहीत. अलेक्झांड्रियाहून फॅलँक्स चालवत नेईपर्यंत सीमेवरचं शहर गेलेलं असतं, तेव्हा हेच लोक कामाला येतात. आणि पॉलिबियसचं किती ऐकायचं? रोझेटा शिळेवर (इजिप्तमधला कोरीव हुकूमनामा, इ.स.पू. १९६) करात सूट दिल्याचं, थकबाकी सोडल्याचं कोरलंय ते उगाच? लोक करानं पिचले होते.

नाईलकाठचा: त्याच शिळेवर लायकोपोलिस शहरातल्या बंडखोरांना वेढा घातल्याचंही आहे. करानं पिचले, मान्य. पण पिचलेल्या माणसाला फॅलँक्स शिकवला कोणी?

विसावी_लीजन: तुम्ही दोघं इजिप्तमध्येच अडकलात राव. रोमनं हेच, जिंकलेल्या लोकांना सैन्यात घेणं, पिढ्यानपिढ्या केलं, २५ वर्षं चाकरी कर आणि नागरिकत्व घे. इ.स. ६९ मध्ये बटाव्हियन (ऱ्हाइन नदीच्या मुखाकडची जमात) उठले, त्यांचा सिव्हिलिस तर स्वतः रोमन पलटणीतला अधिकारी, तरी रोमनं बटाव्हियन भरती बंद केली का? इ.स. १०० च्या आसपास ब्रिटनमध्ये विंडोलांडाच्या ठाण्यावर बटाव्हियनच होते, घरापासून समुद्रापार. म्हणून माझं म्हणणं, दंड भरतीवर नको, पलटण स्वतःच्याच गावात बसवली तर पाहिजे.

फाइलफोड्या: आयडिया झकास, पण कुठली पलटण कुठल्या गावची हे गेमच्या इंजिनला कळतच नाही. इमारतींच्या फाइलमध्ये स्थानिक बराकीवर हॅपिनेसचा मायनस टाकता येतो, फक्त तो भरती करा नाहीतर नका करू, लागणारच.

गोफणगुंडा: म्हणजे नुसती बराक बांधली म्हणून लोक चिडणार? त्यापेक्षा आहे ते बरंय.

नाईलकाठचा: मला चालेल. थीब्जमध्ये बराक बांधताना दोनदा विचार करायला लागलाच पाहिजे. फाइल उघडतोय.

गोफणगुंडा: उघड, आधी बॅकअप घे. शहरावर नाराजीचे लाल चेहरे दिसायला लागले की भाडोत्री गॅलेशियन सैनिक आणशील आणि खजिना रिकामा झाला म्हणून इथंच बोंबलत येशील.