मदत हवी आहे: वृक्षारोपणाला मुलं न्यायचीत पण नुसतं फोटोपुरतं नको, नियोजन कसं करू?

नमस्कार मंडळी,

मी शाळेत विज्ञान शिकवते आणि इको क्लबचं काम माझ्याकडे आहे. शाळेजवळच्या मोकळ्या जागेत रहिवासी मिळून वृक्षारोपण करणारेत, दोन-तीन चांगले पाऊस झाले की लगेच, आणि त्यांनी आमच्या सहावी ते नववीच्या मुलांना बोलावलंय. साधारण साठ मुलं येतील. मुलं भयंकर उत्साहात आहेत, आत्तापासून विचारतायत की माझं झाड कुठलं, त्याला नाव ठेवलं तर चालेल का.

अडचण अशी आहे की आयोजक मंडळी म्हणतायत दोनशे रोपं लावू, रोपं मिळतायत, मुलं आहेत, दोन तासात उरकेल. मला हे "उरकेल" पटत नाहीये. असले कार्यक्रम आपण सगळ्यांनीच पाहिलेत, खड्डे आधीच कुणीतरी खणून ठेवलेले, पाहुणे येतात, मुलं रांगेत उभी, रोप हातात धरून फोटो, टाळ्या, आणि पुढच्या उन्हाळ्यात तिथे नुसत्या काठ्या उभ्या. मुलांना हे कळत नाही असं समजू नका, त्यांना बरोब्बर कळतं. ज्या मुलाने रोप लावलं त्याला ते वाळलेलं दिसलं तर पुढच्या वेळी तो कुठल्या तोंडाने येईल? मला मुलांनी खरं काम करायला हवंय आणि झाडं जगायला हवीत, या दोन गोष्टींवर मी अडून बसणारे.

तर अनुभवी लोकांनी प्लीज सांगा. दोनशे रोपं साठ मुलांना झेपतील का? किती उंचीची रोपं घ्यावीत, कारण आयोजक म्हणतात मोठी घेऊ म्हणजे लगेच दिसतील. सहावीच्या मुलांना कुदळ द्यायची का? सुट्टीत पाणी कोण घालणार हा तर सगळ्यात मोठा प्रश्न. आणि अजून एक, आमचा एक विद्यार्थी व्हीलचेअर वापरतो, त्याला यायचंच आहे आणि मला त्याला बाजूला बसवून टाळ्या वाजवायला लावायचं नाहीये, त्याच्यासाठी खरं काम काय असू शकेल ते नक्की सुचवा.

प्रतिसाद १

ताई, रोपांची संख्या मुलांवरून ठरवूच नका, पाण्यावरून ठरवा. एका रोपाला एका वेळी दहा लिटर धरलं तर दोनशे रोपांना दोन हजार लिटर, आणि हे दर खेपेला, पाऊस थांबला की पुढची निदान दोन वर्षं तरी. नळ किती लांब आहे, पाइप पोचतो का, टाकी भरायला कोण येणार, हे आधी आयोजकांना विचारा, त्याचं उत्तर आलं की आकडा आपोआप खाली येतो. मी तर म्हणेन तीन-चार मुलांत एक रोप, म्हणजे पंधरा-वीस रोपं. कमी वाटतील पण प्रत्येक रोपाला माणसं असतील.

उंचीचं म्हणाल तर फार मोठी रोपं नकोत. छोट्या पिशवीत उंच वाढलेलं रोप दिसायला छान असतं पण खाली मुळांना जागाच उरलेली नसते. गुडघा ते कमरेएवढं, जाड खोडाचं, हिरवंगार रोप घ्या, ते लवकर सावरतं. आणि जी झाडं तुमच्या भागात मुळातच रानात वाढतात तीच निवडा. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, निलगिरी ऑस्ट्रेलियाची, त्यापेक्षा आपल्याकडचे पक्षी-किडे ज्या झाडांवर जगतात ती लावण्यात जास्त अर्थ आहे. वर विजेच्या तारा असतील तर तिथे मोठी वाढणारी झाडं अजिबात नकोत, नाहीतर दहा वर्षांनी छाटणीच्या नावाखाली त्यांची वाट लागते.

प्रतिसाद २

लावताना नेमकं कुठे बिघडतं ते सांगतो, हे मुलांना आधी वर्गात एक रोप आणून दाखवा. पिशवी ब्लेडने मोठ्या माणसाने उभी कापायची. खोड धरून रोप उपटायचं नाही, मातीचा गोळा खालून दोन्ही हातांनी धरायचा. मग मुलांना मुळं बघू द्या. पिशवीच्या आकारात गोल गोल फिरलेली मुळं असतील तर ती बोटांनी हलकेच मोकळी करायची, फार घट्ट वेटोळं असेल तर तेवढं कापायचं, कारण तसंच लावलं तर ती मुळं पुढेही गोलच फिरत राहतात आणि झाड मोठं झाल्यावर स्वतःचाच गळा आवळतं. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की मुलं विसरत नाहीत, आणि मग पिशवीसकट रोप खड्ड्यात टाकणाऱ्या मोठ्यांना तीच ओरडतात!

खड्डा गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद पण खोली गोळ्याएवढीच. जमीन मुरमाड किंवा दगडी असेल तर जास्त खणून तळाला चांगली माती भरून दाबून घ्यावी लागेल. वरची काळी माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला. आदल्या दिवशी एका खड्ड्यात पाणी ओतून बघा, दुसऱ्या दिवशीही तुंबलेलं असेल तर तिथे मुळं कुजणार, जागा बदला. आणि खोड जिथे मुळांना मिळतं तो भाग मातीच्या पातळीवरच राहिला पाहिजे. लोक प्रेमाने खोडाभोवती मातीचा ढीग करतात, तेच नडतं. पालापाचोळा तीन-चार बोटं जाड पसरा पण खोडाला चिकटवू नका. काठीला बांधताना तार नको, सुतळी, तीही सैलसर आठच्या आकड्यासारखी, खोड वाऱ्याने थोडं हललं पाहिजे म्हणजे ते जाड होतं.

पहार-कुदळीचं काम मोठ्यांनी किंवा नववीच्या मुलांनी, तेही एकमेकांपासून अंतर ठेवून. सहावीवाल्यांना माती चाळणं, दगड वेचणं, आळं करणं, पाणी. बूट सगळ्यांना सक्तीचे. प्रथमोपचाराची पेटी आणि प्यायचं पाणी विसरू नका.

प्रतिसाद ३

व्हीलचेअरवाल्या विद्यार्थ्याबद्दल. सगळ्यात आधी त्यालाच विचारा की तुला काय करायचंय, आपण परस्पर ठरवतो तिथेच गडबड होते. जागा आधी जाऊन बघा, मऊ मातीत चाकं रुततात, त्यामुळे दोन-तीन रोपं पक्क्या वाटेला लागून ठेवा, म्हणजे तो स्वतः हाताने लावू शकेल. लांब दांड्याचं खुरपं मिळालं तर उत्तम. टेबलावर मातीत खत मिसळणं, पिशव्या मोकळ्या करणं हेही चालेल. शिवाय जागेचा नकाशा आणि नोंदवही हे पूर्ण उपक्रमातलं सगळ्यात महत्त्वाचं काम आहे, ते त्याला आवडत असेल तर त्याच्याकडे प्रमुखपद द्या. पण फक्त नोंदवही देऊ नका हां, मातीत हात घालायचाच असतो प्रत्येकाला.

नोंदवहीवरून आठवलं. केनियात वांगारी मथाईंनी 1977 मध्ये ग्रीन बेल्ट चळवळ सुरू केली, 2004 चं शांततेचं नोबेल मिळालं त्यांना. तिथे रोपं वाढवणाऱ्या बायकांना थोडे पैसे मिळायचे, पण ते लावलेल्या नाही तर जगलेल्या रोपांचे. शाळेतही हेच करता येईल, कार्यक्रमाच्या दिवशी आकडा जाहीरच करायचा नाही, वर्षाने किती जगली ते फलकावर लिहायचं. दर महिन्याला उंची आणि नवी पानं मोजा, एखादं मेलं तर का मेलं तेही लिहा, विज्ञानाचा प्रकल्प आयता तयार.

मूळ धागा लिहिणारी

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! पाण्याचा हिशोब घेऊन आज आयोजकांशी बोलले, आधी थोडी कुरकुर झाली पण दोन हजार लिटर ऐकल्यावर सगळे गप्प झाले, आता पंचवीस रोपांवर आलोय. त्या विद्यार्थ्यालाही विचारलं, त्याला नकाशा पण हवाय आणि स्वतःचं झाड पण, दोन्ही देणारे. सुट्टीसाठी प्रत्येक रोपामागे जवळच राहणारं एक घर आणि गटातली दोन मुलं अशी जोडी लावायचं डोक्यात आहे, म्हणजे मुलं गावाला गेली तरी घरातलं कुणीतरी असेल. असं कुणी केलंय का? घरं मध्येच टाळाटाळ करायला लागली तर काय करता, आणि टाकीच्या पाण्याऐवजी मातीचं मडकं पुरून पाणी झिरपवायची पद्धत लहान रोपांना पुरते का, हे दोन सांगा अजून.