जपानी संस्कृतीचं मूळ झेनमध्ये शोधायचं की शिंतोमध्ये?

पाणचक्की (धागाकर्ता): जपान म्हटलं की आपण लगेच झेन या बौद्ध पंथावर आणि ध्यानावर येतो. मला हे पटत नाही. एइसाई हा भिक्षू चीनहून झेन घेऊन परतला तो ११९१ मध्ये. शिंतो हा जपानचा स्वतःचा जुना धर्म, आणि इसेचं शिंतो देवस्थान त्याच्या पाचशे वर्षं आधीपासून दर २० वर्षांनी नव्याने बांधण्याची प्रथा आहे. युद्धकाळात मोठा खंड पडला, तरी ती टिकली. शेवटची बांधणी २०१३ ची. डोंगर, झाड, धबधबा यांत ‘कामी’ म्हणजे शिंतो देवता पाहणं आणि शुचितेचा आग्रह, हे खरं मूळ. बौद्ध धर्म नंतर आलेला पाहुणा.

तिसरा प्रहर: साफ असहमत. सहाव्या शतकात कोरियातून बुद्धमूर्ती आली तेव्हा सोगा आणि मोनोनोबे घराणी भिडली, ५८७ मध्ये बुद्धाच्या बाजूचे सोगा जिंकले. पण पुढे हजारावर वर्षं कामी आणि बुद्ध एकाच आवारात नांदले. हाचिमान या कामीला तर बोधिसत्त्वच म्हणत. आपली सरस्वती तिथे बेन्झाइतेन झाली, तीही दोन्हीकडे पुजली जाते. ही फारकत १८६८ मध्ये सम्राट मेइजीच्या सरकारने हुकूम काढून केली. नारा शहरातल्या कोफुकु-जी या बौद्ध मठातल्या भिक्षूंना शिंतो पुजारी व्हावं लागलं, कितीतरी ठिकाणी मूर्ती फोडल्या गेल्या. तुमचा निर्भेळ शिंतो त्या हुकुमातून आलाय.

पाणचक्की: हुकुमातून कसा? मोतोओरी नोरिनागा या पंडिताने ‘कोजिकी’ या जपानच्या प्राचीन पुराणग्रंथावरचं भाष्य १७९८ मध्ये पूर्ण केलं, तेही तीसेक वर्षं खपून. बाहेरून आलेलं बाजूला सारून आपलं शोधायची तळमळ मेइजीच्या आधीची आहे.

कोरा कागद: तुम्ही दोघं देवळाबाहेर याल का? थोरला-धाकटा, मालक-चाकर ही उतरंड कन्फ्यूशियसच्या विचारातून घट्ट झाली. मेइजीच्या आधी राज्य करणाऱ्या तोकुगावा घराण्याच्या पदरी हायाशी राझानसारखे पंडित होते. त्यांच्या राज्यात, घरातलं कोणी ख्रिस्ती नाही हे दाखवायला प्रत्येक कुटुंबाची नोंद बौद्ध मंदिरात सक्तीची होती. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने होण्यामागे श्रद्धेपेक्षा हा कारभार जास्त आहे.

तिसरा प्रहर: श्रद्धेला इतकं हलकं लेखू नका. या सक्तीच्या चारशे वर्षं आधी शिनरान या बौद्ध भिक्षूने (११७३–१२६३) शिकारी-कोळ्यांनाही सांगितलं, अमिदा बुद्धावर भरवसा ठेवा, तो तारेल. वारकऱ्यांचं नाम समजणाऱ्याला यातलं बळ वेगळं सांगायला नको. एवढी माणसं त्याच्या पंथात गेली, ती दप्तरातल्या नोंदीसाठी?

पाणचक्की: शिनरानचं थोरपण कबूल. पण आजही महिन्याभराचं बाळ पहिल्यांदा नेतात ते बहुतेक शिंतो देवळातच. बौद्ध धर्म इतका मुरला असेल तर जन्माचा विधी त्याच्याकडे का गेला नाही, हे सांगा.