होमाची तयारी यजमानाने स्वतः करावी की तयार पुडा चालतो?

मूळ मुद्दा
समिधांची तयार जुडी आणि हवनसामग्रीचा पुडा गुरुजींपुढे ठेवला की ग्रहहोमाची तयारी झाली, हा समज मला पटत नाही. रवीला रुई, चंद्राला पळस, मंगळाला खैर, बुधाला आघाडा, गुरूला पिंपळ, शुक्राला औदुंबर, शनीला शमी, राहूला दूर्वा आणि केतूला दर्भ असे सांगितलेले असताना अनेक जुड्यांत एकाच झाडाच्या, साल सोललेल्या काटक्या निघतात. समिधा सालीसकट, न किडलेली आणि अंगठा व तर्जनी ताणून होईल एवढ्या लांबीची असावी, हे पाहायचे कोणी?

प्रतिसाद १
शास्त्र एवढे आडमुठे नाही. सोमवल्ली न मिळाल्यास पूतिका ही वनस्पती, व्रीही (भात) न मिळाल्यास नीवार (रानभात), असे प्रतिनिधिद्रव्य, म्हणजे ऐवजी घ्यायचे द्रव्य, मीमांसकांनीच (यज्ञविधींचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रकारांनीच) मान्य केले आहे. आघाडा मिळाला नाही म्हणून होमच टाळायचा काय?

मूळ लेखक
प्रतिनिधी घ्यायचा तो मुख्य द्रव्य मिळत नसेल तेव्हा आणि तोही शक्य तितका सदृश. शोधण्याचा कंटाळा म्हणजे अनुपलब्धता नव्हे. शिवाय जैमिनीच्या मीमांसासूत्रांतील सहाव्या अध्यायानुसार देवता, अग्नी, मंत्र आणि क्रिया यांना प्रतिनिधी नाही, फळाचा स्वामी असलेल्या यजमानालाही नाही.

प्रतिसाद २
यजमानाला प्रतिनिधी नाही हे खरे, पण त्याचे खास काम संकल्प आणि त्याग हे आहे, काटक्या तोडणे नव्हे. आहुती गुरुजींनी टाकली तरी ‘अग्नये इदं न मम’ (हे अग्नीचे, माझे नाही) हे त्यागाचे वाक्य यजमानाने म्हणायचे असते. तेही गुरुजीच म्हणून टाकतात आणि यजमान पाहुण्यांची विचारपूस करत बसतो. समिधा घरच्या की विकतच्या, याहून मला हे अधिक खटकते.

प्रतिसाद ३
त्यागाइतकेच अन्वाधानही महत्त्वाचे आहे. कोणत्या देवतेला कोणते द्रव्य आणि किती आहुती, हे तेथे आधीच उच्चारले जाते. तोंडाने ‘अर्कसमिधा’ (रुईची समिधा) म्हणून हाती भलतीच काटकी घेतली, तर त्या उच्चाराला अर्थ काय? (आणि काटकी ओली असली तर धुराने सगळ्यांचे डोळे चुरचुरतात, ते वेगळेच.)

प्रतिसाद १
हा आक्षेप मान्य. पण तो भेसळीवर आहे, खरेदीवर नाही. प्रत्येक समिधा वेगळी बांधून, नाव लिहून मिळाली आणि यजमानाने ती अन्वाधानाशी ताडून पाहिली, तर विकत घेण्याला मूळ लेखकांचा विरोध नेमका कशासाठी राहतो?