‘द पॅसिफिक’ विस्कळीत का वाटते

दुसऱ्या महायुद्धावरच्या ‘बँड ऑफ ब्रदर्स’ या मालिकेपुढे, प्रशांत महासागरातल्या लढायांवरची ‘द पॅसिफिक’ (२०१०) ही मालिका विस्कळीत वाटते, अशी तक्रार ऐकू येते. खरंय, पण तो विस्कळीतपणा त्या युद्धातलाच आहे. २००१च्या ‘बँड ऑफ ब्रदर्स’मध्ये ईझी कंपनी ही अमेरिकन सैनिकांची एकच तुकडी नॉर्मंडीपासून जर्मनीपर्यंत सोबत असते. इथे लेकी, स्लेज आणि बॅसिलोन हे तिघे मरीन (समुद्रमार्गे उतरून लढणारे अमेरिकन सैनिक) वेगवेगळ्या बेटांवर विखुरलेले. शेवटच्या भागात घरी परतलेला स्लेज वडिलांबरोबर शिकारीला निघतो आणि ढसाढसा रडतो, तेव्हा पेलेलियू बेटावरची लढाई आठवते. तिथे मेलेल्या जपानी सैनिकाच्या फुटक्या कवटीत स्लेजचा साथीदार स्नाफू बसल्या बसल्या खडे टाकत राहतो, आणि तोच स्लेजला मृताचे सोन्याचे दात काढू देत नाही! स्नाफूच्या भूमिकेत रामी मलेकने काय काम केलंय! अर्धवट सोडली असेल तर पाचव्या भागापासून पुन्हा बघाच.