बीओपीची स्वतंत्र तपासणी : नुसता शिक्का नव्हे

बीओपी (ब्लोआउट प्रिव्हेंटर) म्हणजे तेल-वायूची विहीर बेकाबू झाली तर ती बंद करणारं यंत्र. ‘त्याला कारखानदाराचं प्रमाणपत्र असताना त्रयस्थ तपासणी म्हणजे कागदावर आणखी एक शिक्का’ असं काही जण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. रबाळे एमआयडीसीत मी हेच त्रयस्थ तपासणीचं काम करतो.

२० एप्रिल २०१० ला मेक्सिकोच्या आखातातल्या डीपवॉटर होरायझन या तेलविहीर खोदणाऱ्या रिगवर स्फोट होऊन ११ माणसं गेली. समुद्रतळावरचा बीओपी तिथे होताच, पण त्याच्या दोन्ही कंट्रोल पॉडमध्ये (बीओपी चालवणाऱ्या नियंत्रण पेट्यांमध्ये) वायरिंगच्या चुका होत्या. नेहमीच्या चाचण्यांत त्या दिसल्या नाहीत. शिवाय विहिरीतला ड्रिलिंगचा पाइप वाकून मध्यापासून सरकला होता, त्यामुळे ब्लाइंड शिअर रॅम या बीओपीच्या कापणाऱ्या पात्यांना तो कापून विहीर बंद करता आली नाही. पुढे अमेरिकेच्या बीएसईईने (समुद्रातल्या तेल-वायू कामांच्या सुरक्षेवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने) २०१६ च्या नियमांत कापण्याच्या क्षमतेची स्वतंत्र पडताळणी मागितली, ती यातूनच.

आता माझा अनुभव. एका कामात शिअर टेस्टचं (पाइप कापण्याच्या चाचणीचं) प्रमाणपत्र अगदी व्यवस्थित होतं, सही-शिक्क्यासकट. पण चाचणी पाच इंची पाइपवर झालेली, आणि रिगवर जाणार होता त्याहून जाड भिंतीचा पाइप! वर, विहिरीतला दाब रॅमच्या विरुद्ध ढकलतो, तो हिशोबात धरलेलाच नव्हता. आम्ही सही थांबवली. फोनवर बरंच ऐकून घ्यावं लागलं.

मुंबई हायच्या जॅकअपवर (समुद्रतळावर पाय टेकवून उभ्या राहणाऱ्या रिगवर) बीओपी वर डेकपाशी असतो, हात लावून बघता येतो. कृष्णा-गोदावरीच्या खोल पाण्यात तो तळाशी असतो. एकदा खाली गेला की रॅमच्या दुरुस्तीसाठी अख्खा स्टॅक (बीओपीचा सगळा संच) वर काढावा लागतो. म्हणून तुमच्या प्रकल्पात प्रमाणपत्रावरचा पाइपचा ग्रेड (पोलादाचा दर्जा) आणि वजन आधी बघा, मग तारीख.