ओमेन, हार्बिंजर, हेराल्ड: सगळ्यांचा अर्थ ‘अपशकुन’?

अभ्यासिका: स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी. ओमेन, पोर्टेंट, ऑगरी, प्रिसेज, हार्बिंजर, हेराल्ड या सगळ्यांसमोर ‘अपशकुन’ एवढंच लिहून ठेवा. बारकावे शोधत बसलात तर वेळ जाईल. तसेही हे इंग्रजांच्या अंधश्रद्धेचे अवशेष आहेत.

जुना मास्तर: हे वाचून गप्प बसवेना. सहा शब्दांची एक मोळी बांधून मुलांच्या डोक्यावर दिलीत! हार्बिंजर हा मुळात शकुनच नव्हे, तो माणूस. राजाची स्वारी किंवा सैन्य यायच्या आधी पुढच्या गावी जाऊन मुक्कामाची सोय लावणारा. तो दिसला म्हणजे मागची मंडळी निघालेलीच आहेत. ओमेनचं तसं नाही, तिथे अर्थ सांगणारा कुणीतरी लागतो. इंग्लंडात भिंगरी पक्षी दिसला की त्याला वसंताचा हार्बिंजर म्हणतात. त्यात अशुभ काय आहे? हेराल्ड म्हणजे राजाचा निरोप जाहीर करणारा. 1900 साली पणजीत ‘ओ हेराल्दो’ हे वर्तमानपत्र सुरू झालं, ते नाव अपशकुन म्हणून ठेवलं होतं का? ऑगरी आणि ऑस्पिशस हे शब्द रोमन लोकांच्या शकुन बघण्यातले, आणि ऑस्पिशस तर सरळ शुभ. पोर्टेंट मात्र जड शब्द आहे. 1066 साली हॅलेचा धूमकेतू दिसला आणि त्याच वर्षी इंग्लंडचा राजा लढाईत पडला. अशा वेळी पोर्टेंट म्हणतात.

अभ्यासिका: सर, तुम्हाला पेन्शन आहे. इथे बापाने शेत गहाण ठेवून मुलाला पुण्यात पाठवलेलं असतं. त्याला राजाच्या स्वारीचं काय करायचंय? पर्याय अ की ब, एवढंच हवं. आणि ओमिनस वाईटच अर्थाने वापरतात की नाही, ते सांगा.

जुना मास्तर: ओमिनस वाईटच, तेवढं मान्य. पण ओमेन चांगलंही असतं. माझ्या पुतणीने अशाच एका यादीवर विसंबून ‘हार्बिंजर ऑफ स्प्रिंग’ला अशुभ ठरवलं आणि गुण घालवले. त्या मुलाच्या बापाची काळजी असेल तर यादी नीट करा. माझी पेन्शन मध्ये आणू नका.

विवेकी: शब्द कोणताही घ्या, खुळ एकच. इ.स.पू. 249. रोमन सेनापती पब्लियस क्लॉडियस पुल्करच्या जहाजावर शकुनाच्या कोंबड्या होत्या. त्या दाणे टिपेनात. ‘खात नाहीत तर पिऊ देत’ म्हणून त्याने त्या समुद्रात फेकल्या, आणि ड्रेपानाच्या लढाईत हरला. हरला तो जहाजं बंदराच्या तोंडाशी अडकली म्हणून, पण लोकांनी लक्षात ठेवल्या कोंबड्या. आपल्याकडे बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळची, पाऊस-पिकाचं भाकीत सांगणारी घटमांडणी तीच. अक्षय्य तृतीया आली की चॅनलवाले ती हवामानाच्या बातमीसारखी दाखवतात.

जामोदकर: भेंडवळवर घसरायचं कारण नव्हतं. तुम्ही कधी आला आहात का? शेतात घट आखतात, भोवती धान्य मांडतात, मधल्या खड्ड्यात चार महिन्यांची चार ढेकळं, वर पाण्याचा करवा, पापड, कुरडई. रात्री तिकडे कोणी जात नाही, पहाटे काय हललं ते बघून सांगतात. माझे वडील दरसाल जायचे, पण पेरायचे जमीन ओली झाल्यावरच. मी मात्र टीव्हीवरचा अंदाज ऐकून पेरलं आणि दुबार पेरणीला सावकाराच्या दारात गेलो. त्या अंदाजाला कोणी खुळ म्हणत नाही.

विवेकी: माझ्या मामाने घट ऐकून कपाशी वाढवली. अजून फेडतो आहे.

जामोदकर: मामा बुडाला भावाने. कपाशीचा भाव घटामुळे पडतो काय?

पक्षीवेडी: भाऊ, भाव बाजूला ठेवा. धान्य हलतं ते मुंग्यांनी, उंदरांनी, वाऱ्याने. त्याचा जुलैच्या पावसाशी धागा जुळत नाही. चातकाचा जुळतो. तो आफ्रिकेकडून पावसाळी वाऱ्यांबरोबर येतो, म्हणजे मास्तरांच्या अर्थाने खरा हार्बिंजर. ब्रिटनच्या कोळसा खाणींतही 1986 पर्यंत कॅनरी ठेवायचे. कार्बन मोनॉक्साइडने माणसाआधी तो एवढासा पक्षी कोसळायचा. त्याला शकुन म्हणाल का? जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने रक्त आणि विषारी वायू यांचा अभ्यास करून तो उपाय सुचवला होता. खूण आणि घटना यांच्यामध्ये कारण आहे की नाही, एवढंच बघा.

जामोदकर: मग पावशा ‘पेर्ते व्हा’ ओरडतो तेव्हा पेरायचं का? तो तर भर उन्हाळ्यात सुरू होतो.

पक्षीवेडी: तो विणीसाठी ओरडतो, पेरू नका. पावशा तुम्हाला दिला. चातक देणार नाही.

विवेकी: चातक चालेल. पण चातक खरा म्हणून घट खरा, असं उद्या कोणी म्हटलं तर मी पुन्हा येईन.

अभ्यासिका: हार्बिंजर आणि हेराल्ड यादीतून वेगळे काढतो, बाकीचे राहतील. भेंडवळवाल्यांनी कृपा करून वेगळा धागा काढावा.

जुना मास्तर: ऑगरीही काढा. ‘ऑगर्स वेल’ म्हणजे लक्षण चांगलं. इंग्रजी पेपरात हमखास येतं, मुलं तिथेच फसतील.

जामोदकर: वेगळा धागा कशाला? आमच्या घटाचं नाव इथं निघालं, उत्तरही इथंच देणार.