डब्यातला हॅश आणि रविवारची न्याहारी

संजीव (युनिट 22)
सर्वांना नमस्कार. याच ग्रुपवर गेल्या महिन्यात ज्या डायनरची (अमेरिकी धाटणीच्या साध्या उपाहारगृहाची) अत्यंत ठामपणे शिफारस झाली होती, त्याच डायनरमध्ये आज सकाळी आम्ही चौघे न्याहारीला गेलो. शिफारस कोणी केली ते लिहीत नाही, संबंधितांना ठाऊक आहे. मेन्यूवर ‘आमच्या स्वयंपाकघरातला कॉर्न्ड बीफ हॅश’, म्हणजे खारवलेले गोमांस आणि बटाटे तव्यावर परतून केलेला पदार्थ, असे ठळक अक्षरांत छापलेले होते. प्रत्यक्षात बशीत आला तो सरळ डबाबंद मालातला, गुळगुळीत, फिकट गुलाबी लगदा. बटाट्याचे सगळे चौकोन एकाच मापाचे होते, मांसाचा एक धागा दाताखाली येईना, आणि कुरकुरीत म्हणावी अशी वर ठेवलेल्या अंड्याची कड तेवढी होती. वेट्रेसला विचारले तर ती हसली आणि कॉफी ओतून निघून गेली. न्यू जर्सीतल्या आपल्या एडिसनपासून अर्ध्या तासाच्या अंतरात खरा हॅश कुठे मिळतो, हे ज्यांना खात्रीने माहीत असेल त्यांनीच कृपया सांगावे.

मकरंद (युनिट 9)
शिफारस मीच केली होती, त्यात लपवण्यासारखे काही नाही. मी तेथील पॅनकेकची शिफारस केली होती. हॅशविषयी मी एक अक्षर लिहिले नव्हते, वर जाऊन वाचावे. राहता राहिला डब्याचा प्रश्न. डब्यातला हॅश तव्यावर पातळ पसरून, न हलवता, खरपूस होईपर्यंत ठेवला, तर भल्याभल्यांना फरक कळत नाही.

नीलिमाताई (युनिट 3)
नव्या वर्षाचा पाडवा तोंडावर आला असताना ग्रुपवर हा विषय चर्चेला यावा, याचे नवल वाटले. मी काही म्हणत नाही.

वर्षा (अॅडमिन)
ताई, आपल्या भावनांचा आदर आहे. परंतु बार्बेक्यूच्या त्या प्रसंगानंतर हा ‘खवय्ये’ ग्रुप मुख्य ग्रुपपासून मुद्दाम वेगळा काढला, आणि त्या वेळी आपण स्वतःहून यात राहिलात. छायाचित्रे कोणीही टाकू नयेत, एवढी विनंती मी सर्वांना करते.

नीलिमाताई (युनिट 3)
मी राहिले ती पुरणपोळीच्या ऑर्डरसाठी.

प्रभाकरकाका (युनिट 17)
संजीव, तुमची तक्रार रास्त आहे, परंतु तुम्ही शोध चुकीच्या टोकाकडून घेत आहात. हॅश हा मुळात दुसऱ्या दिवशीचा पदार्थ आहे. ज्या ठिकाणी आदल्या दिवशी कॉर्न्ड बीफ शिजले आणि त्यातले काही उरले, तेथेच दुसऱ्या सकाळी खरा हॅश होऊ शकतो. बारा-चौदा पानांचा मेन्यू असणाऱ्या डायनरमध्ये मुसाका, लॉबस्टर, चीजकेक आणि टॅको एकाच स्वयंपाकघरातून बाहेर पडत असतात. अशा ठिकाणी दिवसाकाठी हॅशच्या मोजक्या बशा खपत असतील, तर त्यांच्यासाठी कोणी तीन तास ब्रिस्केट (छातीकडचे मांस) शिजवत बसणार नाही, डबाच फोडणार. म्हणून आधी पाहावे ते हे, की त्या ठिकाणी कॉर्न्ड बीफचे सॅन्डविच भरपूर खपते का. खपत असेल तर कापताना उरलेली टोके आणि तुकडे रोज साठतात, आणि ते टाकून देणे कोणत्याही मालकाला परवडत नाही.

शिरीष (युनिट 11)
काका, म्हणजे आपल्याकडे शिळ्या पोळीचा कुस्करा करतात तसेच. फोडणी तेवढी नाही.

प्रभाकरकाका (युनिट 17)
उपमा उथळ असली तरी तत्त्व तेच आहे.

मकरंद (युनिट 9)
माझा मुद्दा कोणी वाचलेला दिसत नाही, म्हणून पुन्हा लिहितो. डब्यातला हॅश तव्यावर पातळ पसरून, न हलवता, खरपूस होईपर्यंत ठेवला, तर भल्याभल्यांना फरक कळत नाही.

संजीव (युनिट 22)
मकरंद, आपण भले आहात, हे आम्ही सर्व जाणतो.

आग्नेसमावशी (युनिट 6)
मला फरक कळतो. डब्यात मांस आणि बटाटा एकत्र बंद करून शिजवलेला असतो, त्यामुळे दोन्ही एकमेकांत विरघळून एकजीव होतात. पुढे तवा कितीही तापवा, त्या लगद्यातून धागा परत निघत नाही. कड खरपूस होईल, आतला मऊ गोळा मात्र तसाच राहील. आमच्या वसईच्या घरी नाताळ जवळ आला की आई जीभ खारवायची. मीठ, लिंबाचा रस आणि थोडा सोरा चोळून ती चिनी मातीच्या बरणीत भरायची, वर जड पाटा ठेवायचा आणि रोज उलटायची. मग ती शिजवून पातळ काप करायचे. त्यामुळे इथे आल्यावर कॉर्न्ड बीफ मला परके वाटलेच नाही. खारवलेल्या मांसाचे धागे शिजल्यावर बोटांनी सुटतात आणि आतून गुलाबी राहतात. असे धागे बशीत दिसले तर ते मांस त्या स्वयंपाकघरात शिजले, असे निःशंक समजावे.

शिरीष (युनिट 11)
मावशी, खारवायला लागते ते गुलाबी मीठ माझ्याकडे आहे. हिमालयातले आहे, पोटाला थंड असते म्हणतात.

आग्नेसमावशी (युनिट 6)
शिरीष, ते नव्हे. हे विनोदावारी नेऊ नये. खारवण्याचे जे गुलाबी मीठ इथे मिळते, त्यात सव्वासहा टक्के सोडियम नायट्राइट असते, आणि साध्या मिठाशी गल्लत होऊ नये म्हणूनच त्याला मुद्दाम रंग दिलेला असतो. ते जेवणात घातले तर विषबाधा होईल. हिमालयीन मिठाने मांसाचा गुलाबी रंगही टिकत नाही. मोजमाप नीट जमत नसेल, तर घरी खारवण्याच्या फंदात कोणी पडू नये. बाजारात खारवलेले ब्रिस्केट पिशवीबंद मिळते.

प्रभाकरकाका (युनिट 17)
मावशींनी योग्य वेळी योग्य ते सांगितले. या निमित्ताने थोडा इतिहास सांगणे अस्थानी होणार नाही. अठराव्या शतकात आयर्लंडमधील कॉर्क बंदरातून खारवलेले गोमांस पिंपे भरभरून इंग्रजी आरमाराला आणि वेस्ट इंडीजला जात असे, परंतु ते पिकवणाऱ्या गरीब आयरिश माणसाच्या ताटात ते क्वचितच पडे. त्याच्या वाट्याला जमले तर डुकराचे मांस आणि बटाटा. तीच माणसे पुढे न्यू यॉर्कला आली, तेव्हा शेजारच्या ज्यू खाटकांकडे खारवलेले ब्रिस्केट परवडणाऱ्या दरात मिळू लागले, आणि कोबीबरोबर शिजवलेले कॉर्न्ड बीफ हे सेंट पॅट्रिकच्या सणाचे अमेरिकन जेवण झाले. म्हणूनच हा पदार्थ एकीकडे ज्यू डेलीत, म्हणजे मांसाच्या सॅन्डविचच्या दुकानात, आणि दुसरीकडे आयरिश पबमध्ये, अशा दोन घरी नांदतो. डायनर हे त्याचे तिसरे घर, आणि तेथे बहुतेक वेळा चालवणारे कुटुंब ग्रीक असते. हाउस्टन स्ट्रीटवरचे कॅट्झ 1888 पासून चालू आहे. सेव्हन्थ अॅव्हेन्यूवरचे कार्नेगी डेली मात्र 2016 सरता सरता बंद झाले, आणि तेथील मांसाची चळत आता

प्रभाकरकाका (युनिट 17)
क्षमस्व, मजकूर अर्धाच गेला. चळत आता आठवणीतच राहिली, एवढेच म्हणायचे होते.

शिरीष (युनिट 11)
काका, अर्धाही पुरेसा होता.

वर्षा (अॅडमिन)
शिरीष, ज्येष्ठांशी बोलताना भाषा सांभाळावी, ही विनंती मी यापूर्वीही केली आहे. संजीव, तुम्हाला जवळचे ठिकाण हवे आहे. आपल्या एडिसनमधले हॅरॉल्ड्स न्यू यॉर्क डेली विसरलात का? तेथील सॅन्डविच एकाला संपत नाही, आणि लोणच्यांचा वेगळा बार मांडलेला असतो. तेथे हॅश कसा असतो हे मी खाल्लेले नसल्यामुळे सांगणार नाही. पण काकांचाच नियम लावायचा, तर उरलेल्या तुकड्यांची तेथे वानवा नसावी.

संजीव (युनिट 22)
वर्षाताई, धन्यवाद. डेलीचा विचार मीही केला होता, परंतु मला हॅश सकाळी, अंड्यांबरोबर आणि राय ब्रेडच्या टोस्टबरोबर हवा असतो. बऱ्याच डेलींचा खरा व्यवहार दुपारी सुरू होतो, आणि तेथे मांस वाफेवर ठेवलेले असल्यामुळे सॅन्डविच उत्तम मिळते. हॅशला लागतो तो मोठा, सपाट, तापलेला तवा, आणि तो डायनरचाच.

शिरीष (युनिट 11)
कोशर, म्हणजे ज्यू आहारनियम पाळणाऱ्या, डेलीत जाणार असाल तर आधीच सांगून ठेवतो, तेथे मांसाबरोबर दुधाचा चहा मिळणार नाही. अंडी चालतात, लोणी चालत नाही. आमच्या तीर्थरूपांनी गेल्या खेपेला चहासाठी तेथे जो वाद घातला, त्यानंतर आम्ही त्या गल्लीतून जात नाही.

मकरंद (युनिट 9)
चर्चा भरकटत आहे. मूळ मुद्दा असा, की डब्यातला हॅश तव्यावर पातळ पसरून, न हलवता

संजीव (युनिट 22)
कळले.

प्रभाकरकाका (युनिट 17)
तव्याचा मुद्दा संजीव यांनी बरोबर मांडला. त्यासाठी नव्या, भव्य डायनरपेक्षा जुने, छोटे डायनर पाहावेत. समिट गावी स्टेशनजवळ जे जुने डायनर आहे, तसे. जेरी ओमाहोनी यांची कंपनी आपल्या जवळच्याच एलिझाबेथ गावी असे डायनर कारखान्यात बांधून, तयार स्थितीत वाहून नेऊन जागेवर ठेवत असे. त्यामुळे ते रेल्वेच्या डब्यासारखे लांबट असतात, आणि पुष्कळ ठिकाणी तवा काउंटरच्या पलीकडेच असतो. टेबल न मागता काउंटरवर बसावे. स्वयंपाकी तव्यावर काय टाकतो, किती वेळ ठेवतो आणि किती दाबतो, हे सगळे समोर दिसते. कोणाला विचारण्याची आणि कोणी हसून निघून जाण्याची वेळच येत नाही.

शिरीष (युनिट 11)
म्हणजे हॉटेलच डबा आहे. मग हॅश डब्यातला निघाला तर तक्रार कसली?

नीलिमाताई (युनिट 3)
तव्याचा विषय निघालाच आहे तर मलाही एक विचारायचे आहे, आणि कृपया याची थट्टा करू नये. आम्ही सर्वांबरोबर जातो तेव्हा माझ्यासाठी परतलेले बटाटे मागवले जातात. ते याच तव्यावर परततात का?

संजीव (युनिट 22)
ताई, खरे सांगायचे तर बहुतेक ठिकाणी हो. हॅश, बेकन, बटाटे आणि पॅनकेकही एकाच तव्यावर होतात; मध्ये पात्याने खरवडून घेतात, एवढेच.

नीलिमाताई (युनिट 3)
इतकी वर्षे हे मला कोणीही सांगितले नाही. मकरंद भाऊजींनी तर मला तेथील पॅनकेक आग्रहाने खायला घातले होते.

मकरंद (युनिट 9)
वहिनी, मला खरोखर कल्पना नव्हती.

वर्षा (अॅडमिन)
ताई, यापुढे आपल्यासाठी ओटमील, फळे आणि टोस्टरमधला ब्रेड मागवू. हे लक्षात ठेवण्याची जबाबदारी माझी. नुसते ‘शाकाहारी’ म्हणून भागत नाही, वेगळ्या पॅनमध्ये करून द्याल का, असे विचारावे लागते, आणि गर्दी नसेल तर लहान डायनरवाले ऐकतात.

आग्नेसमावशी (युनिट 6)
संजीव, बाहेर शोधत राहा, पण हेही ऐक. सेंट पॅट्रिकचा दिवस नुकताच होऊन गेला आहे, त्यामुळे दुकानांत खारवलेल्या ब्रिस्केटच्या उरलेल्या पिशव्या या आठवड्यात स्वस्त लागतात. ‘फ्लॅट’ नावाचा भाग दिसायला चांगला, सॅन्डविचसाठी ठीक. हॅशसाठी मात्र ‘पॉइंट’ घ्यावा, त्यात चरबी जास्त असते. पाण्यात मंद आचेवर तीन तास ठेवायचे, सुरी सहज आत गेली पाहिजे, आणि रात्रभर त्याच पाण्यात गार होऊ द्यायचे. दुसऱ्या दिवशी हाताने चिरायचे, यंत्रात घालायचे नाही. बटाटे अर्धेच उकडून गार केलेले असावेत, नाहीतर तव्यावर त्यांचा चिखल होतो. बिडाच्या तव्यात आधी त्याच मांसाची चरबी सोडायची, कांदा परतायचा, मग बटाटे, मग मांस, वरून शिजवलेल्या पाण्याचा एक डाव. मीठ अजिबात नाही. उलथन्याने दाबायचे आणि हात मागे घ्यायचा. खाली भाताच्या खरवडीसारखा थर धरला की मोठे तुकडे करून उलटायचे. सगळी खुबी या हात मागे घेण्यात आहे, आणि हॉटेलात गर्दीच्या वेळी नेमके तेवढेच कोणी करत नाही. म्हणून ऑर्डर देतानाच ‘चांगला खरपूस करा, उशीर झाला तरी चालेल’ असे सांगावे.

मकरंद (युनिट 9)
मावशींचे शेवटचे वाक्य आणि माझे पहिल्यापासूनचे म्हणणे यांत मला काडीचाही फरक दिसत नाही. न हलवता, खरपूस होईपर्यंत.

प्रभाकरकाका (युनिट 17)
आचेविषयी तुमचे एकमत आहे, मकरंद. वाद मालाविषयी आहे. शिवाय डब्यावरचे लेबल वाचण्याची सवय आपल्या वयाच्या माणसाने लावून घ्यावी. सोडियमची दिवसाची मर्यादा 2300 मिलिग्रॅम सांगितली जाते, आणि त्यातला मोठा वाटा एका बैठकीत संपतो.

मकरंद (युनिट 9)
काका, मावशींच्या ब्रिस्केटमध्येही मीठच असते. माझ्या रक्तदाबाची चर्चा ग्रुपवर नको.

संजीव (युनिट 22)
निरोप असा, की काकांचा नियम धरून मी आताच एका लहान डायनरला फोन केला. दर गुरुवारी त्यांच्याकडे कॉर्न्ड बीफ आणि कोबीचे जेवण असते, म्हणून हॅश घरचाच का, असे सरळ विचारले. पलीकडच्या बाई म्हणाल्या, फक्त शनिवारी आणि रविवारी, आणि साडेदहापर्यंत संपतो. ‘संपतो’ हे ऐकूनच मला समाधान वाटले, कारण डब्यातला कधी संपत नाही. नाव मी येथे लिहीत नाही. इडलीवाल्याचे नाव लिहिल्यावर काय झाले, ते सर्वांना आठवत असेल. ज्यांना यायचे असेल त्यांनी मला स्वतंत्र कळवावे. शनिवारी सकाळी आठ.

आग्नेसमावशी (युनिट 6)
मी येईन. आमचा उपवासकाळ चालू आहे, पण आम्ही शुक्रवार पाळतो, शनिवारी अडचण नाही. आणि रविवारी सर्वांनी माझ्याकडे यावे. ब्रिस्केट आणून ठेवले आहे. नीलिमा, तुझ्यासाठी साबुदाण्याची खिचडी वेगळ्या कढईत करीन, त्या कढईत आजवर मासळीही शिजलेली नाही. मकरंद, तू तुझा डबा घेऊन ये. दोन तवे शेजारी शेजारी ठेवू, आणि संजीवला डोळे मिटून खाऊ दे.

शिरीष (युनिट 11)
मी पंच होण्यास तयार आहे. दोन्ही बशा पुन्हा पुन्हा तपासाव्या लागतील.

मकरंद (युनिट 9)
येतो. डबाही आणतो. माझ्या तव्यावर मात्र मीच उभा राहीन, आणि मध्येच येऊन कोणी उलथने घालू नये, हे आताच स्पष्ट करतो.